दोनदा तपासणाऱ्या इंदूताई

इंदूताई सबनीसांकडे कॅमेऱ्याचा सल्ला मागायला आलेला माणूस मी जिन्यातच ओळखत असे. दांडिया बाजारातल्या आमच्या इमारतीत मी पहिल्या मजल्यावर राहायचो, त्या दुसऱ्यावर. जिना एकच आणि तोही अरुंद, त्यामुळे वर जाणाऱ्याला माझ्या दारावरूनच जावं लागे. जाताना त्याच्या हातात रंगीत माहितीपत्रकं असत आणि चेहऱ्यावर उत्साह. अर्ध्या तासाने तोच माणूस तोंडी परीक्षेत आडवा झाल्यासारखा खाली येई. अशा कितीतरी लोकांना मी आत बोलावून पाणी दिलं आहे.

मी तेव्हा नुकताच कारखान्यातून व्हीआरएस घेऊन घरी बसलो होतो, म्हणून हे उद्योग सुचत. बडोद्यात त्या काळात रोल जाऊन कार्ड येत होतं. चार पैसे हातात आलेल्या प्रत्येकाला डिजिटल कॅमेरा हवा होता, आणि कोणता हवा ते कुणालाच कळत नव्हतं. न्यू जर्सीचा मेहुणा एक सांगे, अलकापुरीतला दुकानदार दुसरं. मग कोणीतरी म्हणे, दांडिया बाजारात एक बाई आहेत, त्यांना विचारा. इंदूताई एका कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं होत्या. भिंगं, आरसे, लोलक हा त्यांचा रोजचा स्वयंपाक. लेन्समधलं त्यांना दुकानदारापेक्षा जास्त कळे, आणि त्यांना कोणाला काही विकायचं नव्हतं. स्वतःकडे एकच लहानसा कॅमेरा, तोही वॉरंटी कार्डांचे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढायला.

बाई खडूस. हे मी प्रेमाने म्हणतो, पण खडूस. आलेल्या माणसाला आधी बसा म्हणत नसत. उभ्या उभ्या विचारत, ‘‘फोटो छापून केवढा करणार? भिंतीवर लावणार की पाकिटात ठेवणार?’’ माणूस मेगापिक्सेलवर घसरला की त्या टेबलाच्या खणातून एकाच फुलाचे दोन फोटो काढून समोर ठेवत. एक तीन मेगापिक्सेलचा, दुसरा सहाचा. ‘‘ओळखा.’’ कोणालाही ओळखता येत नसे. ‘‘मग त्या जादाच्या तिनाला काय लोणचं घालायचंय?’’ पुढचा प्रश्न, बिघडला तर बडोद्यात दुरुस्त कोण करणार? आणि त्याच्या पुढचा, उचलणार कोण?

या उचलण्याची एक गोष्ट आहे. टाइल्सचे एक बडे व्यापारी हातभर लांब लेन्सवाला कॅमेरा घ्यायचाच असं ठरवून आले होते. इंदूताईंनी ऐकून घेतलं, आत गेल्या आणि कापडी पिशवीत अडीच किलो तूरडाळ बांधून आणली. म्हणाल्या, ‘‘रविवारी पावागढचा डोंगर चढायला जाताय ना? ही गळ्यात अडकवा. उतरेपर्यंत काढायची नाही. मग या.’’ शेठ हसले, पण खरंच घेऊन गेले. सोमवारी पिशवी माझ्याच दारात ठेवून खिशात मावणारा कॅमेरा घ्यायला परस्पर दुकानात गेले. ती डाळ पुढे आम्ही दोन्ही घरांनी खाल्ली.

मलाही कॅमेरा घ्यायची हुक्की आली होती. इंदूताईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. ‘‘श्रीकांत, गेल्या वर्षात तुला कशाकशाचा फोटो काढावासा वाटला ते कागदावर लिहून आण.’’ मी दोन दिवस विचार केला आणि कोरा कागद घेऊन गेलो. त्यांनी मला चहा दिला.

दुकानात त्यांच्याबरोबर जाणं हे जिवावरचं काम. त्या आत शिरल्या की काउंटरमागे ‘‘बेन आव्यां’’ अशी कुजबुज होई आणि पंखासुद्धा हळू फिरल्यासारखा वाटे. एकदा एका मास्तरांसाठी कॅमेरा बघायला गेलो होतो. दुकानदाराने आमच्यासमोर खोका फोडला, कार्ड घातलं. इंदूताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक फोटो काढला आणि पडद्यावरचा आकडा बघितला. कॅमेरा प्रत्येक फोटोला अनुक्रमांक देतो, नव्या कॅमेऱ्याचा पहिला फोटो एक नंबरचा. इथे तीनशे सत्तेचाळीस होता.

‘‘याआधीचे तीनशे सेहेचाळीस कोणी काढले?’’ त्यांनी विचारलं.

दुकानदार म्हणाला, कंपनीतच टेस्टिंग होतं, बेन. इंदूताई नुसत्या बघत राहिल्या. अर्धा मिनिट, एक मिनिट. मास्तर बिचारे माझ्या कोपराला चिमटे काढत होते, ‘‘जाऊ द्या ना, चला.’’ शेवटी दुकानदाराने मान खाली घातली आणि आतून दुसरा खोका आणला. तोही त्यांनी फोटो काढून तपासला, आणि मग आणखी एकदा तपासला.

हे दोनदा तपासणं प्रयोगशाळेतून आलं होतं. ‘‘एक रीडिंग म्हणजे अफवा,’’ असं त्या म्हणत. गॅस बंद केला की पुन्हा बघणार, कुलूप लावलं की पुन्हा ओढणार. कार्डावरचे फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे तर तेही दोनदा. एकदा सगळे कॉपी करायचे, मग त्याच फोल्डरमध्ये त्याच कार्डावरून पुन्हा. दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटर विचारतो, या नावाची फाइल इथे आहे, तिच्या जागी ही ठेवू का? त्या ‘यस टु ऑल’चं बटण दाबत. मी एकदा म्हटलं, हा वेडेपणा आहे. त्या म्हणाल्या, ‘‘पहिल्या खेपेला एखादा फोटो अर्धवट आला असेल तर? तुझं काय जातं?’’ माझं काही जात नव्हतं.

मीनल माझी भाची. जागृती तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. दोघींनी कॉम्प्युटर क्लासमधल्या नोकऱ्या सोडून लग्नाचे फोटो काढायचा धंदा सुरू करायचं ठरवलं. कल्पना चांगली होती. मेंदीला, पीठीला म्हणजे हळदीला, बायकांच्या खोलीत पुरुष फोटोग्राफर नको असे, आणि बाई फोटोग्राफर गावात औषधालाही नव्हती. पण मीनलच्या आईबापांनी सहा महिन्यांची मुदत घातली होती. तेवढ्यात बस्तान बसलं नाही तर परत नोकरी, आणि पाठोपाठ स्थळं बघणं. पोरगी दिवसरात्र त्या धास्तीत असे.

इंदूताईंनी त्यांच्या कॅमेऱ्यांसाठी तीन महिने घेतले. शेवटी म्हणाल्या, ‘‘दोघींनी एकच मॉडेल घ्या. बॅटरी, चार्जर, लेन्स, सगळं एकमेकींना चालेल. एकीचं बिघडलं तर काम अडणार नाही.’’ सल्ला बरोबर होता. आजही कोणी विचारलं तर मी तोच देईन, म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं. कार्ड सुरुवातीला एकेकच घेतलं. त्याबरोबर दोन सक्त ताकिदी मिळाल्या. कामावर असताना मोबाइल पिशवीत, आवाज बंद करून. आणि फोटो कितीही वाईट आला तरी कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यात पुसायचा नाही. मुलींकडे धड कॉम्प्युटर नव्हता, तेव्हा फोटो इंदूताईंच्या कॉम्प्युटरवर घ्यायचे ठरले. ते काम त्या कोणाच्याही हाती देत नसत.

करजणचं लग्न हे त्यांचं पहिलंच काम, आणि मोठं. नवरी हेतल, करजणच्या एका व्यापाऱ्याची मुलगी. तिची आई फार आजारी होती. महिनाभर हॉस्पिटलात होती आणि वाचण्याची आशा डॉक्टरांनी सोडली होती. तिच्याचसाठी लग्न घाईने उरकलेलं. रविवारी भर लग्नात तिला ॲम्ब्युलन्समधून अर्ध्या तासाच्या परवानगीने आणलं, खुर्चीत बसवून मंडपात नेलं. जागृतीकडे दिवसभर बाहेरची वरात आणि वऱ्हाड होतं, मंडपात मीनल. आईच्या पायाशी हेतल वाकली आणि आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, एवढा एक फोटो मीनलला मिळाला. मग आईला धाप लागली आणि लोकांनी खुर्ची उचलली. त्या संध्याकाळी मीनल माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘‘मामा, आज एक फोटो असा आलाय ना, की बाकी काही आलं नसतं तरी चाललं असतं.’’

सोमवारी इंदूताईंनी दोन्ही कार्डं कॉम्प्युटरवर घेतली. दोनदा. मग कार्डं कोरी करून मुलींना परत दिली.

गुरुवारी सकाळी साडेदहाला मी वर पेपर द्यायला गेलो तेव्हा त्यांचा फोन वाजला. मुलींनी ऑफिसचा म्हणून त्यांचाच नंबर दिला होता. इंदूताई गुजरातीत बोलत होत्या, मग नुसतं ‘‘हा बेटा, हा बेटा’’ म्हणू लागल्या. फोन ठेवून म्हणाल्या, ‘‘हेतलची आई गेली. काल. उद्या चार ते सहा बेसणं आहे. लग्नातला तो फोटो हवाय तिला. म्हणाली, मम्मीबरोबर माझा नवरीच्या वेषातला तेवढा एकच आहे.’’

गुजरात्यांच्या बेसण्याला गेलेल्या माणसाचा फोटो हार घालून समोर ठेवतात. पांढऱ्या कपड्यांत लोक येतात, हात जोडतात, थोडा वेळ बसतात आणि जातात. सगळ्यांच्या नजरा दोन तास त्या फोटोवर असतात. इंदूताईंनी कॉम्प्युटर चालू केला, करजणचं फोल्डर उघडलं. घोडा. नाचणारे काका. नवऱ्याचे बूट. बँडवाले. त्या पुढे जात राहिल्या. दोनशे बाराव्या फोटोला फोल्डर संपलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी सावकाश.

‘‘श्रीकांत,’’ त्या म्हणाल्या, ‘‘यात मंडपच नाही.’’

मी म्हटलं, दुसऱ्या फोल्डरमध्ये असेल. त्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या. मग एकेक शब्द तोलून बोलल्या. दोन्ही कॅमेरे नवे, एकाच मॉडेलचे, म्हणून दोन्ही कार्डांवरच्या फोटोंचे अनुक्रमांक एकपासून, नावं सारखी. आधी मीनलचं कार्ड उतरवलं, दोनदा. मग त्याच फोल्डरमध्ये जागृतीचं. तेव्हा पहिल्याच खेपेला कॉम्प्युटरने विचारलं होतं, या नावाची फाइल आहे, तिच्या जागी ही ठेवू का? तो प्रश्न त्या रोज बघत, रोज तेच बटण दाबत. हाताने दाबलं. मीनलच्या एकशेऐंशी फोटोंवर जागृतीचे फोटो चढले. नंतर मोजले, तर जागृतीच्या कार्डावर दोनशे बारा आणि फोल्डरमध्येही दोनशे बारा. आकडा जुळला, म्हणून कार्डं पुसली.

मी इंदूताईंना तीस वर्षं ओळखत होतो. त्यांचा आवाज कापलेला तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली, कारण डोळ्यांसमोर मीनलचा चेहरा होता.

‘‘कार्ड फॉरमॅट केलं म्हणजे फोटो लगेच जात नाहीत,’’ त्या एकदम म्हणाल्या. ‘‘वहीची अनुक्रमणिका फाडल्यासारखं असतं. पानं असतात, जोवर त्यांच्यावर कोणी नवीन लिहीत नाही तोवर. मीनल कुठे आहे?’’

मीनल अलकापुरीतल्या एका हॉटेलात होती. कुठल्याशा कंपनीचा कार्यक्रम, अकरा वाजता. घड्याळात पावणेअकरा झाले होते. कॅमेऱ्यात तेच कार्ड. मोबाइल लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पिशवीत, आवाज बंद करून.

मी स्कूटर काढली. इंदूताई मागे बसल्या, पायात घरातल्या चपला, केस अर्धवट बांधलेले. स्टेशनपर्यंत ठीक आलो आणि गरनाळ्यात अडकलो. रेल्वेखालच्या त्या बोगद्यात एक टेम्पो आडवा झाला होता, पुढे मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. अकराला पाच कमी. मी मागे वळून ‘‘काय करायचं?’’ असं विचारतोय तर मागची सीट रिकामी. अठ्ठावन्न वर्षांची ती बाई रिक्षांच्या मधून, भिंतीला हात लावत पुढे चालली होती. टेम्पो हलल्यावर मी पलीकडे त्यांना गाठलं तेव्हा त्या जवळजवळ पळत होत्या. पुन्हा मागे बसल्या. त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

हॉलमध्ये दीपप्रज्वलन सुरू होतं. व्यासपीठावर पाच साहेब समई लावत होते आणि समोर मीनल एक गुडघा टेकून फोटो काढत होती. फ्लॅश पडला. पुन्हा पडला. इंदूताई मधल्या वाटेने सरळ गेल्या आणि लेन्सवर तळहात ठेवला.

‘‘ताई?’’ मीनल दचकली.

‘‘बंद कर.’’

‘‘अहो, कार्यक्रम चालू आहे, ते लोक...’’

‘‘आधी बंद कर. मग बोल.’’

एक साहेब पेटती काडी हातात धरून तसाच थांबला होता. मीनलने कॅमेरा बंद केला. इंदूताईंनी कार्ड काढून रुमालात गुंडाळलं आणि निघताना स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्यातून काढून आणलेलं कार्ड तिच्या हातावर ठेवलं. ‘‘हे चालेल तुला. किती काढलेस?’’

‘‘सकाळपासून? त्रेसष्ट. का? काय झालं?’’

‘‘काम कर. संपलं की जागृतीला घेऊन घरी ये.’’

व्यवस्थापक आमच्यावर उखडला होता, त्याची समजूत मी घातली. काय सांगितलं ते आता आठवत नाही.

घरी आल्यावर इंदूताईंनी घाई केली नाही, आणि त्याचाच मला ताण आला. कार्डाला हात लागू नये म्हणून आधी त्याची जशीच्या तशी नक्कल कॉम्प्युटरवर घेतली. मग कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर आलेली सीडी काढली. तिच्यात पुसलेले फोटो शोधणारं एक सॉफ्टवेअर होतं, वापरून बघण्यापुरतं. सॉफ्टवेअरबद्दल विचारायला आलेल्यांना त्या नेहमी सांगत, की आधी फुकटची आवृत्ती चालवा. जे ती दाखवू शकत नाही ते पैसे टाकल्यावरही दिसणार नाही. आता स्वतः चालवून बसल्या. पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. बारा टक्के. तेरा. मी दोनदा पोळी-भाजी पुढे केली, त्यांनी दोनदा ताट सरकवलं. मुली आल्या. त्यांना काय झालं ते सांगितलं. मीनल भिंतीला टेकून खाली बसली ती बसलीच. जागृती उभी राहून पट्टीकडे बघत गणपतीचं नाव घेत होती.

नखाएवढी चित्रं एकेक करून उगवायला लागली. मंडपाचे खांब. नवरीच्या मैत्रिणी. भटजी. हस्तमेळाप, म्हणजे नवरानवरीचे हात एकमेकांच्या हातात देताना. सुरुवातीचे साठेक फोटो गेले होते, त्यांच्यावर समईचे साहेब बसले होते. पण आईचा फोटो सुरुवातीचा नव्हता. तो शेवटाकडचा, असं मीनल पुन्हापुन्हा सांगत होती. आणि अठ्ठ्याण्णव टक्क्यांना तो आला. जागृतीने टाळी वाजवली. इंदूताईंनी हात वर करून तिला थांबवलं, कारण त्या नखाएवढ्या चित्राच्या मागचा पूर्ण फोटो अजून उघडायचा होता. जागृतीच्या भावाच्या क्रेडिट कार्डावर सॉफ्टवेअरची पूर्ण आवृत्ती घेतली. फोटो उघडला.

वरचा भाग लख्ख होता. आईचा चेहरा, ओढलेला पण हसरा. बांधणीचा लाल पदर. पदरातून पुढे आलेला हात, दोन काचेच्या बांगड्या, मनगट. तिथून खाली सपाट करडा रंग. नवरी नव्हती.

‘‘असं कसं?’’ मीनलने विचारलं, आणि मग स्वतःच हळूच म्हणाली, ‘‘ताई, कार्ड भरत आलं होतं. मी सुरुवातीचे पाच-सहा पुसले होते, जागा करायला.’’

आता कडकडाट होणार म्हणून मी सावरून बसलो. इंदूताई नुसत्या ‘‘हं’’ म्हणाल्या. मग प्रयोगशाळेतल्या आवाजात समजावलं. या फोटोचा वरचा भाग कार्डाच्या शेवटच्या जागेत बसला, खालचा मावला नाही म्हणून सुरुवातीच्या मोकळ्या केलेल्या जागेत गेला. आजच्या कार्यक्रमाचे फोटो नेमके त्या जागेवर लिहिले गेले. खालचा अर्धा आता कुठेच नाही.

जागृती म्हणाली, ‘‘ताई, चहेरो तो एकदम सरस आव्यो छे. एटलो ज फ्रेममां मूकीए. कोने खबर पडवानी?’’ बेसण्याला चेहराच लागतो, आणि तेवढाच फ्रेममध्ये लावला तर कोणाला कळणार नाही, हे खरं होतं. हेतलला सांगायचं, की दोघींचा एकत्र फोटो नीट आलाच नाही, घाईत हलला. मीही तिच्या बाजूने बोललो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हटलंसुद्धा. मीनल रडत होती. ‘‘ताई, करजणात बोभाटा झाला तर बडोद्याला यायला कितीसा वेळ लागतो? आमचं संपलं मग. घरी काय सांगू?’’

‘‘तुमचं नाव नाही घेणार मी.’’

‘‘पण पुसलं तर मीच ना.’’

‘‘तू पाच फोटो पुसलेस. मी एकशेऐंशी,’’ इंदूताई म्हणाल्या आणि पडदा बंद केला.

इंदूताई यानंतर दहा-अकरा वर्षं होत्या. खडूसपणा तसूभर कमी झाला नाही. लोक येत राहिले, परीक्षा देत राहिले. बदल एकच झाला. माणूस आला की आता त्याला आधी बसवत आणि म्हणत, ‘‘माझी एक चूक आहे, ती आधी ऐका, मग ठरवा माझा सल्ला घ्यायचा का.’’ लोक उगीचच चुळबुळत. त्या शेवटपर्यंत सांगत, स्वतःला कुठेही सूट न देता. दोन कार्डं असतील तर दोन फोल्डर, आणि कॉम्प्युटरने काही विचारलं तर हात मांडीवर ठेवून आधी वाचायचं, हे बडोद्यातल्या निम्म्या फोटोग्राफरांना त्यांनीच शिकवलं असेल. मीनल आणि जागृतीचा धंदा आज जोरात आहे. इंदूताई गेल्या तेव्हा त्यांचा फोटो शोधायची वेळ आली, आणि शंभर लोकांना कॅमेरे निवडून देणाऱ्या बाईचा एकही धड फोटो कोणाकडे नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं खरं, पण त्यांना बघायला मला फोटो लागत नाही. मला त्या करजणच्या बेसण्यात दिसतात.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं एसटीने गेलो. त्यांनी पांढरी साडी नेसली होती. पिशवीत दोन वस्तू. आईच्या चेहऱ्याचा फ्रेम केलेला फोटो, आणि पाकिटात तोच फोटो न कापलेला, खालच्या करड्या भागासकट, तेवढ्याच आकारात छापलेला. घरासमोर मांडव घातला होता, पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. साडेतीन वाजले असतील. हेतल दारातच भेटली. अंगावर पांढरा ड्रेस, आणि हातांवर कोपरापर्यंत मेंदी, अजून गडद. माझी नजर त्या मेंदीवरून हलेना. तिने फ्रेम घेतली, चेहरा बघून ओठ घट्ट मिटले आणि भावाकडे दिली. त्याने ती पाटावर ठेवून हार घातला. काम झालं होतं. आम्ही तिथूनच परत फिरलो असतो तरी कोणाला काही कळलं नसतं.

इंदूताईंनी पाकीट काढलं. ‘‘बेटा, आखो फोटो आ छे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमां तुं पण हती. नीचेनो भाग मारी भूलथी गयो. छोकरीओनो वांक नथी. मारो छे.’’

खालचा भाग आपल्या चुकीने गेला, मुलींचा दोष नाही, एवढं त्यांनी सरळ सांगितलं. हेतलला आधी समजलंच नाही. तिने फोटो उभा धरला, आडवा धरला. मग त्या मनगटावर बोट ठेवलं आणि बोट हळूहळू खाली करड्या रंगात नेलं.

‘‘आ हाथ क्यां जाय छे?’’ हा हात कुठे जातो, असं तिने विचारलं.

‘‘तारा माथा पर.’’

ती रागावेल, ओरडेल असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने भावाला हाक मारली. ‘‘भाई, पेलो उतारी ले. आ मूक.’’ तो म्हणाला, वेडी आहेस का, लोक काय म्हणतील? तिने स्वतःच जाऊन फ्रेम काढली, अर्धा करडा फोटो पाटावर भिंतीला टेकवून उभा केला आणि त्याला हार घातला.

चार वाजल्यापासून माणसं यायला लागली. येत, हात जोडत, आणि फोटोपाशी अडखळत. जो तो हेतलकडे बघे. ती एकच उत्तर देत होती, ‘‘एनी नीचे हुं छुं.’’ त्या हाताखाली मी आहे. मी पुरुषांच्या बाजूला बसलो होतो, इंदूताई बायकांमध्ये तिसऱ्या रांगेत, डोक्यावरून पदर, पाठ ताठ. बडोद्याची बस साडेचारला होती. मी खूण केली. त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. प्रत्येक वेळी कोणी तो प्रश्न विचारला की त्या मान वर करून फोटोकडे बघत, आणि उत्तर ऐकून झालं की पुन्हा खाली घालत.

पाचच्या सुमारास काठी टेकत एक म्हातारी आली. घरातली वडीलधारी असावी, कारण तिला जागा करायला सगळ्या सरकल्या. तिने फोटो अगदी जवळ जाऊन पाहिला आणि हे कोणी बिघडवलं म्हणून भल्या मोठ्या आवाजात विचारलं, ‘‘आवुं केम छे? कोणे बगाड्युं?’’

हेतलने तोंड उघडलं, पण त्याआधी इंदूताई तिसऱ्या रांगेतून उठून उभ्या राहिल्या होत्या. एवढ्या पांढऱ्या साड्यांत एकट्या उभ्या.

‘‘में, बा,’’ त्या म्हणाल्या.

म्हातारीने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग ती काठी आडवी ठेवून फोटोसमोर पहिल्या रांगेत बसली, शेजारच्या चादरीवर हात थोपटला आणि म्हणाली, ‘‘अहीं आवो. बेसो.’’

इंदूताई पुढे गेल्या, तिच्या शेजारी बसल्या आणि सहा वाजेपर्यंत हलल्या नाहीत.